मातीचा कोट आणि चिकटलेला राजा

एका राज्यात टेकराम नावाचा जाट राजा होऊन गेला. सकाळी नांगर धरी, दुपारी तलवार. त्याने मातीचा कोट बांधला, वरून हत्ती चालेल इतका रुंद. मोठमोठ्या बादशहांच्या तोफा आल्या; गोळे भिंतीत बद्दकन घुसले आणि तिथेच राहिले. वैरी हात चोळत घरी गेले. असा तो बहाद्दर. पण ही गोष्ट त्याची नव्हे, त्याच्या पोराची. वाघाच्या पोटी काय निपजेल, याला कुणी जामीन राहतो का?

पोराचे नाव फतेराम. बाप गेला, हा गादीवर आला, आणि याला मातीची लाज वाटू लागली. शेजारच्या राजाचा वकील येऊन म्हणाला, "महाराज, किल्ला कुठे आहे? मला तर शेताचा बांधच दिसतो." झाले! फतेरामाला तीन दिवस अन्न गोड लागेना.

चौथ्या दिवशी जंबूर नावाचा जादूगार दारी आला. त्याच्यामागून सात पायऱ्यांचे सोन्याचे सिंहासन आपल्या पायांनी चालत आले.

"महाराज, हे घ्या."

"मोल काय?"

"मूठभर माती. तुमच्या कोटाची."

"एवढेच? घमेलेभर ने!"

वाड्याच्या छपरावर एक म्हातारा मोर राहत असे. टेकरामाच्या वेळचा, बोलणारा, आणि तोंडाचा फाटका. तो ओरडला, "अरे शहाण्या, जादूगाराची मूठ केवढी ते आधी बघ!"

राजा ऐकतो कशाला? तो सिंहासनावर चढून बसला. जंबूराने मूठ उघडली आणि मिटली. पूर्वेची शंभर हात भिंत तिच्यात मावली. ती घेऊन तो शेजारच्या राजाकडे चालता झाला. त्याला धरायला फतेराम उठू गेला, तर उठता येईना. बूड सोन्याला घट्ट चिकटलेले!

तेवढ्यात हेर धावत आला. शेजारचा राजा तोफा घेऊन निघाला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी पोचणार होता. कोटाला खिंडार पडलेले, राजा सिंहासनाला अडकलेला. राज्य जाणार, यात शंका उरली नाही.

मग उपाय सुरू झाले. पहिल्यांदा बारा पैलवानांनी राजाला ओढले. राजा चार बोटे लांब झाला, सुटला नाही. दुसऱ्यांदा घागरभर तूप ओतले. त्यावर राजमाता रामकौर कडाडली, "फत्या, सात म्हशींचे तूप बुडाखाली घातलेस!" तिसऱ्यांदा सोळा बैल जुंपले. बैलांनी सिंहासनासकट राजाला वेशीच्या आतल्या लिंबाखाली नेऊन ठेवले आणि ते रवंथ करीत बसले.

मोर उडत मागोमाग आला. म्हणाला, "हे सिंहासन शापित आहे. आपल्या भाऊबंदांच्या वर जो बसेल, तो वरच राहील. त्यांच्या बरोबरीने बसून हुक्क्याचा झुरका घे, सुटशील."

"हे आधी का नाही सांगितलेस?"

"तू विचारलेस कधी?"

आता जाटांची रीत अशी, की पंचायतीत सगळ्यांनी जमिनीवर बसायचे, राजानेसुद्धा, आणि एकच हुक्का सगळ्यांतून फिरायचा. वर बसलेल्याला हुक्का नाही. ज्याला हुक्का नाही, तो आपला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पंचायत भरली. तिचे म्होरके होते ताऊ धनसी, टेकरामाचे थोरले बंधू.

राजा वरून म्हणाला, "ताऊ, हुक्का द्या."

"खाली ये."

"येता येत नाही."

"मग देता येत नाही."

"तुम्हीच वर या."

"माझा भाऊ कधी वर चढला नाही. मी चढू?"

कोंडी झाली. शेवटी रामकौरने पदर खोचला, कुदळ उचलली आणि सिंहासनाच्या पायाशी दणका घातला. "पोरगा खाली येत नाही ना? मग जमीन खाली न्या!"

सगळा गाव खणायला लागला. माती टाकायची कुठे? खिंडारात! बायका टोपल्या वाहू लागल्या, म्हातारे पाणी ओतू लागले, म्हशी चिखल तुडवू लागल्या. एकेक पायरी जमिनीत गेली. तिसऱ्या दिवशी उन्हे वर आली, तेव्हा सातवीही बुडाली. राजा जमिनीबरोबर आला. पलीकडे तोफा उभ्या राहत होत्या.

ताऊंनी हुक्का पुढे केला. "कोण आहेस?"

"राजाधिराज फतेराम." राजाने झुरका घेतला. हुक्का बोलेना.

"कोण आहेस?"

"या किल्ल्याचा धनी." हुक्का गप्पच.

"कोण आहेस, बाळा?"

फतेरामाने भिंतीकडे पाहिले. आई चिखलात गुडघाभर उभी होती. "टेकरामाचा पोर आहे, ताऊ. मला बापाच्या मातीची लाज वाटली. आता त्या लाजेचीच लाज वाटते. चुकलो."

हुक्का गुडगुडला. राजा सुटला, धोतर मात्र निम्मे सोन्यालाच राहिले. उरलेले सावरत तो धावला, डोक्यावर टोपली घेतली आणि खिंडारातला शेवटचा थर चढवू लागला. तोच पहिला गोळा आला. बद्द! दुसरा आला. बद्द! भिंतीने शंभर गोळे गिळले, ढेकरही दिला नाही. तिकडे जंबूराची मूठ आपोआप उघडली आणि शंभर हात माती त्याच्यावर, त्याच्या धन्यावर आणि सगळ्या दारूगोळ्यावर पालथी झाली.

दुपारी शेजारच्या राजाचा तोच वकील तहाची थाळी घेऊन आला. बघतो तर पाचशे माणसे, नखशिखांत चिखलाने माखलेली, एकासारखी एक.

"महाराज कोणते?" त्याने विचारले.

"ओळखा," ताऊ म्हणाले.

राजाचा मुजरा चुकला तर तह मोडायचा! वकील घाबरला. त्याने ओळीने मुजरे घालायला सुरुवात केली. कुंभाराला घातला, पखालवाल्याला घातला, रामकौरला घातला, चिखलात बसलेल्या एका म्हशीलाही घातला. असे करीत दोनशेव्या माणसापाशी पोचला. कंबर मोडून आली होती, तरी वाकला.

निम्म्या धोतरातला तो माणूस टोपली खाली न ठेवता म्हणाला, "पोचला मुजरा. आता पुढे व्हा, अजून तीनशे राहिलेत."

राजाचा शाप सुटला, राज्य सावरले. ऐकणाऱ्यांचेही असेच भले होवो.