तुंगकेतू राजाचे रुसलेले महाद्वार

एका राज्यात, जिथे साळुंक्या दरबारात साक्ष देत आणि ढग परवानगी घेऊन बरसत, तुंगकेतू नावाचा राजा होता. त्याचा पराक्रम थोर. पण गेली सात वर्षे तो स्वतःच्या राजवाड्यात गोठ्यातून शिरत असे. राणी आली की जुने सागवानी महाद्वार उघडे, पाणक्या आला की उघडे. चुकार शेळीही आत जाई. राजा दिसला की मात्र ते धाडकन मिटे.

अशात राजकन्येचे लग्न पाच दिवसांवर आले.

"व्याह्यांचा हात धरून तुम्ही त्यांना गोठ्यातून आणलेत, तर मी माहेरी निघाले," राणी सुलेखा म्हणाली.

राजाने ज्वालाभट मांत्रिकास बोलावले.

"जुने दार काढा," मांत्रिक म्हणाला. "मी नवे देतो."

पहिल्या दिवशी त्याने पितळेचे दार बसवले. ते राजाच्या नाकावर मिटले. दुसऱ्या दिवशी स्फटिकाचे. तेही मिटले; वर बाहेरून ढकलाढकली करणारा राजा आतल्या साऱ्या दरबाराने आरपार पाहिला. तिसऱ्या दिवशी वाऱ्याचे दार आले. त्याने राजाला उचलून थेट गव्हाणीत टाकले. मांत्रिक त्याच वाऱ्यावर बसून पळाला.

चौथ्या दिवशी राजाने येसूबाई सुतारणीला बोलावले. तिने अंगणात पडलेल्या जुन्या दारावर बोटे वाजवली.

"लाकूड खणखणीत आहे, महाराज. खालची वीतभर फळी कुजली, तेवढी बदलू. बिजागऱ्या गंजल्यात. पण दाराचा राग माझ्या रंध्याने जाणार नाही."

तेव्हा चौकटीवरची साळुंकी बोलली, "सात वर्षांपूर्वी एक थकलेला जोगी दारी आला. महाराज आतून ओरडले, 'राजा घरी नाही!' जोगी म्हणाला, 'तथास्तु.'"

राजाचे कान लाल झाले.

"उपाय?"

"दार स्वतःच्या हाताने दुरुस्त करा," साळुंकी म्हणाली. " मग जो पहिला येईल, त्याला आत घेऊन त्याचे पूर्ण ऐका."

राजाने मुकुट खुंटीला अडकवला. येसूबाई सांगत गेली, राजा करत गेला. त्याने रंगाचे थर खरवडले, कुजकी फळी कापून नवी जोडली, बिजागऱ्यांना तेल पाजले. दोनदा अंगठ्यावर हातोडा बसला, तेव्हा येसूबाईने सभ्यपणे दुसरीकडे पाहिले.

दार चढते न चढते तोच कडी वाजली. बाहेर कडकडे कुंभारीण उभी होती. तिला पाहून शेजारची गावे घरे बंद करीत.

"राजा आहे का?"

प्रधान सवयीने म्हणाला, "महाराज घरी—"

"आहे!" राजा ओरडला. "या, बसा."

कुंभारणीने शेजाऱ्याच्या गाढवाविषयी पहिल्यापासून सांगितले. सूर्य कलला, प्रधान पेंगला, पण राजाने गाढवाचे आजोळसुद्धा ऐकून घेतले. ती समाधानाने उठली. तिला पोचवायला राजा उंबऱ्याबाहेर गेला, वळला, आणि बिचकत आत आला. दार हलले नाही. राणीने हळूच डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड आले. व्याह्यांनी दारावरून हात फिरवला. "सुरेख काम! कारागीर कोण?"

"येसूबाई," चिंधी बांधलेला अंगठा मागे लपवत राजा म्हणाला. "मी त्यांच्या हाताखाली होतो."