सुभेदाराच्या सुनेचा लाल दोरा

मंडळी, मिशनच्या दवाखान्याचं हे दार बघा. पडदा आहे, पण लाल रेशमी दोऱ्याने वर बांधलेला. खाली कधीच सोडत नाहीत. मग लावला कशाला? इथे सगळेच पाहुणे गोंधळतात. गोंधळा खुशाल. ज्या डॉक्टरांमुळे हा बांधला गेला, तेही काही कमी गोंधळले नव्हते.

हॅलिडे त्यांचं नाव. कोणी सांगतात त्यांना छातीपर्यंत दाढी होती, कोणी म्हणतात टक्कल. मी दोन्ही धरून चालतो. तर इथल्या चिनी प्रांताच्या सुभेदाराची सून युएलिंग तापाने फणफणली. सुभेदाराने डॉक्टरांना बोलावलं आणि बजावलं, "सून गेली तर दवाखान्याला टाळं."

त्या काळी जनानखान्यातल्या बाईला परपुरुषाने बघायचं नाही. मध्ये पडदा, पडद्यातून फक्त हात. डॉक्टरांनी हात धरला तर थंडगार, नाडी ठणठणीत! तरी औषध दिलं. दुसऱ्या दिवशी तोच हात सुरकुतलेला. तिसऱ्या दिवशी गुबगुबीत, बांगड्या रुतलेला. आतून निरोप मात्र एकच: ताप वाढलाय. डॉक्टर म्हणे स्वतःचीच नाडी बघायला लागले.

शेवटी दुभाष्याकरवी त्यांनी विचारलं, "हा हात आजारी बाईचाच ना?"

आतून सासूबाई फणकारल्या, "तिला उठवतंय कुठे इथवर यायला? म्हणून काय पाहुण्यासमोर कोणी हातसुद्धा पुढे करायचा नाही? या घराला रीत आहे!"

"आणि औषध?"

"ज्याचा हात, त्याने घेतलं. फुकट का घालवायचं?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. सासूबाईंना दया आली. "आमचे वैद्य दोऱ्यावरून नाडी बघायचे. तुम्हीही बघा." दोऱ्याचं एक टोक सुनेच्या मनगटाला बांधलं, दुसरं दालनं-चौक ओलांडत पडद्याबाहेर आलं. मी तर म्हणतो, वाटेत बाजाराला वळसा घालून आलं!

डॉक्टरांनी दोरा धरला, खूप वेळ धरला. मग म्हणाले, "बाईसाहेब, यातून मला काहीच कळत नाही. मला तिच्याजवळ जाऊ द्या."

तेवढ्यात दोऱ्याला हलकासा हिसका बसला. मग आणखी एक. कूस बदलायचंही त्राण नसलेली पोर तिकडून दोरा ओढत होती.

"बोलावतेय," सासूबाई पुटपुटल्या. त्यांनी स्वतःच पडदा उचलला आणि दोऱ्याच्या या टोकाने वर बांधून टाकला.

युएलिंग वाचली, दवाखानाही वाचला. सासूबाईंनी तोच पडदा दोऱ्यासकट इथे पाठवून दिला. आजही इथे कोणी नातेवाईक आजाऱ्याच्या वतीने बोलायला लागला, की डॉक्टर या दोऱ्याकडे बघतात आणि विचारतात, "बोलावतंय कोण?" आणि उत्तर येण्याआधीच उठून आजाऱ्याकडे चालू लागतात.