कासवाच्या एकवीस धावा

प्राणी पाच-पाच दिवसांचे सामने खेळत, त्या काळची ही गोष्ट. दूरच्या अरण्यात शिकलेली साळुंकी आपल्या रानाचा संघ निवडायला परतली. तिला वाटलं होतं, इथे सगळे धावांचे डोंगर रचणारे फलंदाज भेटतील. भेटलं ते नुकत्याच संपलेल्या सामन्यात शेवटचा दिवसभर खेळून एकवीस धावा केलेलं कासव.

"हरणाच्या दीडशे, यांच्या एकवीस! कासवदादा, आता तुम्ही विश्रांती घ्या."

"बरं बाई," म्हणत कासवाने मान आत ओढून घेतली.

हरणाला राहवलं नाही. "साळुंकीताई, माझ्या दीडशे पहिल्या दिवशीच्या. तेव्हा खेळपट्टी पाटासारखी सपाट होती. शेवटच्या दिवशी मी गेलो तसा परत आलो. दादा बाद झाले असते, तर आपण हरलो असतो."

"मित्राची बाजू घेतोस, चांगलं आहे," साळुंकी हसली.

संध्याकाळी किडे टिपायला ती त्याच खेळपट्टीवर उतरली. दोन पावलं टाकते तोच पाय भेगेत अडकला. सोडवून पुढे टाकला, तर खाली भुसभुशीत खड्डा. ती तिथेच थबकली. जिथे धड चालता येत नाही, तिथे कासव दिवसभर उभं राहिलं होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी संघ जाहीर करताना तिने पहिलं नाव कासवाचं घेतलं. हरणाने आनंदाने उडी मारली. कासवाला मान बाहेर काढायला बराच वेळ लागला. तोवर साळुंकी दुसरं नाव न घेता थांबून राहिली.