सपाट केलेली वाळू

एका बंदराच्या गावात एक बाई राहत होती. टापटीप इतकी, की तिच्या घरात धूळसुद्धा विचारून यायची! जन्मभर झाडूनपुसून बिचारी थकली होती. मुलं परगावी गेली, घर रिकामं झालं, तरी हात थांबेनात. दिवसातून दहादा "दमले गं बाई" म्हणायची आणि पुन्हा फडकं उचलायची. आता याला काय म्हणावं?

हिचा जीव रमावा म्हणून नवऱ्याने खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आणली. तिच्यात बोटाएवढा पिवळा मासा आणि एक कोळंबी.

"माशाला गोबी म्हणतात," तो म्हणाला.

"गोबी? म्हणजे भाजी आणलीत की मासा?"

"ऐक तर! कोळंबीला धड दिसत नाही. ती वाळूत बीळ खोदते आणि हा दारात पहारा देतो. धोका दिसला की दोघं आत. विकणाऱ्याने बजावलंय, वाळूला हात लावू नका."

बाईला ती जोडी फार आवडली. ती समोर आली की गोबी बिळातून डोकं काढायचा. घरात कुणीतरी आपली वाट बघतंय, असं तिला वाटायचं.

पण ते वाळूचे ढीग! इकडे उंचवटा, तिकडे खड्डा. बाईच्याने बघवेना. सकाळी उठून तिने टाकीचं झाकण काढलं आणि लांब दांड्याच्या पळीने वाळू छान सपाट केली.

कोळंबीने दिवसभर खपून पुन्हा बीळ केलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा पळी. मग रोजचंच झालं.

"अगं, राहू दे ना त्यांचं त्यांना," नवरा म्हणायचा.

"अहो, घाणीत का ठेवू लेकरांना? माझं मेलीचं कंबरडं मोडलंय, तरी करतेच आहे ना?"

खरंच मोडलं होतं. आणि टाकीत ती कोळंबीही थकत चालली होती. रोज थोडं कमी खोदायची. एके दिवशी तिने एक कणही उचलला नाही. उघड्यावर बसून राहिली.

"शहाणी झाली एकदाची," बाईला बरं वाटलं. उरलेला एक उंचवटा मोडायला तिने झाकण काढून पळी आत घातली.

गोबी दचकला. लपायला धावला, पण बीळ होतं कुठे? सैरावैरा फिरला आणि उघड्या टाकीतून उसळी मारून थेट शेजारच्या कपाटामागे पडला.

"अहो, धावा हो!" बाई किंचाळली.

दोघांनी मिळून ते जड कपाट कसंबसं सरकवलं. तोवर उशीर झाला होता.

"मी तर चांगलंच करत होते हो," बाई रडत म्हणाली.

"ते मला ठाऊक आहे गं," नवरा म्हणाला. "त्यांना कसं कळावं?"

बाईने पळी फेकून दिली. मूठभर वाळू घेऊन आपल्या हाताने टाकीत ढीग केला, बोटाने खड्डा पाडला. मग जमिनीवर बसून कोळंबीला म्हणाली, "खोद गं बाई. हवा तेवढा पसारा कर. मी काही म्हणणार नाही."

कोळंबी हलली नाही.

तात्पर्य: जीव लावलेल्याला काय हवं ते आधी बघावं, नाहीतर आपणही दमतो आणि तोही जातो.