पक्की वही

“पण सर, चूक कुठे आहे ते तरी सांगा!”

देवयानी वाकचौरेने हे तिसऱ्यांदा विचारलं. या खेपेला आवाज चढला, तो तिचा तिलाही ऐकू आला.

तांबोळी सर खिडकीशी बसून तिचा लघुप्रबंध चाळत होते. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाचा, ‘स्वतंत्र अभ्यास’ या विषयाचा. काळं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं : ‘माणदेशातील घोंगडी विणकाम’. आज जमा करायची शेवटची तारीख होती. ऑफिस पाचला बंद होणार. मार्गदर्शक म्हणून सरांची सही झाली नाही, तर वर्ष हातचं गेलं.

साडेचार वाजले होते.

“चूक नाही,” सर म्हणाले.

“एकही नाही?”

“दोनदा वाचलं. सापडली नाही.”

“मग करा ना सही!”

सरांनी पान उलटलं…

देवयानीच्या अंगाचा तिळपापड झाला. वर्गातल्या निम्म्या पोरांनी मागच्या वर्षीचे लघुप्रबंध नावं बदलून पुढे सरकवले होते. त्यांच्या सह्या केव्हाच झाल्या. आणि जी उन्हातान्हात चार वेळा एसटीने विणकरांच्या गावात गेली, ती इथे ताटकळत उभी!

“रागावू नका सर, पण बाकीचे गाइड न वाचता सही करतात. तुम्ही वाचूनही करत नाही. मग वाचून उपयोग काय?”

सर खळखळून हसले.

“खरंय. काहीच नाही.”

हसणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं?

“शेवटचा निष्कर्ष काय लिहिलायस?”

तिला पाठ होता. “‘नव्या पिढीची अनास्था हे या व्यवसायाच्या ऱ्हासाचे प्रमुख कारण होय.’”

“कोण म्हणालं?”

“तीन पुस्तकांत आहे. तळटीपा दिल्यात.”

“गावात कोण म्हणालं?”

“अकरा विणकरांच्या मुलाखती आहेत सर. परिशिष्ट दोन.” पुराव्याशिवाय बोलणाऱ्यांतली ती नव्हती.

“टिपणवही आणलीस?”

तिने पिशवीतून वही काढून समोर ठेवली. निळ्या शाईतली रेखीव अक्षरं, लाल रेघांनी अधोरेखित केलेली नावं. वर्गात ही वही हातोहात फिरली होती.

सरांनी ती उघडली. वाचली नाही. नाकाजवळ नेली आणि वास घेतला.

“दुकानाचा वास येतोय.”

“ही पक्की वही आहे सर. कच्ची रद्दीत घातली. घोंगडी ताठ करायला लावतात ना, ती चिंचोक्याची खळ सांडली होती तिच्यावर. पानं चिकटलेली, खाडाखोड… दाखवण्यासारखी नव्हती.”

“कच्च्यातलं सगळं पक्क्यात आलं?”

“हो.”

सर बघत राहिले.

“…जवळजवळ.”

“काय राहिलं?”

तिने घड्याळाकडे पाहिलं. पावणेपाच.

“एक म्हातारा होता. मायाप्पा सनगर. त्याचं उत्तर बसत नव्हतं.”

“कशात?”

“तक्त्यात.”

“काय म्हणाला?”

“सर, उशीर होतोय…”

“काय म्हणाला तो?”

“मी विचारलं, मुलगा विणकाम का शिकला नाही? तर म्हणे, ‘त्यो तर आडून बसला हुता शिकाया. म्याच बसू दिलं न्हाई त्येला मागावर.’”

“मग?”

“मग काय?”

“मग तू काय विचारलंस?”

“पुढचा प्रश्न. चौदावा. मागाची लांबी-रुंदी.”

बोलता बोलता तिला आठवलं. म्हाताऱ्याने मागावर इकडून तिकडे फिरणारा धोटा हातातच थांबवला होता. तिच्याकडे बघत होता, जरा जास्तच वेळ. ती मान खाली घालून चौदा आकडा लिहीत होती. मग त्याने हात पसरून मागाचं माप दाखवलं…

सरांनी खिशातून पेन काढलं. ‘मार्गदर्शकाचे प्रमाणपत्र’ या पानावर सही केली. खाली तारीख घातली.

“घे.”

देवयानीचा विश्वास बसेना. “झाली?”

“झाली. पुढचं पान तुझं.”

पुढच्या पानावर ‘विद्यार्थिनीचे प्रतिज्ञापत्र’ होतं. ‘प्रस्तुत अभ्यास मी स्वतः केला असून त्यातील निष्कर्ष माझे स्वतःचे आहेत.’ खाली तिचं नाव टाइप केलेलं. त्यावर कोरी जागा. गडबडीत तिथे सही करायची राहून गेली होती.

सरांनी पेन तिच्या हातात दिलं.

बाहेरून शिपाई गायकवाडमामांची हाक आली. “ओ ताई! ऑफिसची खिडकी बंद करायलेत बरं का! नंतर माझ्या नावानं ओरडू नका!”

“आले मामा!”

पेनाचं टोक कागदाला टेकलं. टेकलेलंच राहिलं. शाईचा ठिपका उमटला, पसरत गेला…

“सर…”

“हं.”

“का बसू दिलं नसेल हो त्याने?”

सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

“मला काय विचारतेस? माझी तर सही झाली.”