छपरातले चिमणीचे दार

पूर्वी अश्मक देशावर अरिंदम राजाची सत्ता होती, तेव्हा बोधिसत्त्व एका खेड्यात चिमण्याच्या जन्माला आला होता. नंदक नावाच्या बुरुडाच्या गवती छपरात तो आपल्या चिमणीसह राहत असे.

बातमी आली तो दिवस साधाच होता. थंडीचे दिवस होते. नंदक अंगणात वेळूच्या कामट्या काढीत होता, त्याची बायको भद्रा तीळ पाखडत होती आणि चिमणी सांडलेले तीळ टिपत होती. सुईण आतून दारात येऊन म्हणाली, "भद्राई, आता तेच सूप वाजवा. नातू झाला."

भद्रा हसली आणि लगेच कामाला लागली. ह्या घरात आधी दोन बाळे जन्मली होती. बसायला शिकण्याआधीच ती खोकून खोकून गेली. गार वाऱ्याने नेली, असे भद्राला वाटे. म्हणून तिने सून उत्पला हिच्या खोलीचे दार चटईने झाकले, कुडाच्या फटी शेणाने लिंपल्या, खाटेखाली शेगडी ठेवली आणि ओव्या-कडुनिंबाची धुरी धरली. तिच्या मायेत काही उणे नव्हते.

पण धूर आधी आढ्याशी जाऊन साचतो. गेल्या वर्षी अशाच धुरीत चिमण्याची पिले तिथेच गुदमरली होती. खालून बाळाचा खोकला ऐकू येऊ लागला, तेव्हा बाळालाही वारा नव्हे, धूरच छळतो आहे हे चिमण्याला कळले. घरट्यासाठी आणलेली काडी त्याने टाकून दिली आणि छपराचे गवत उपसायला सुरुवात केली.

"अहो, काड्या आत आणायच्या असतात," चिमणी म्हणाली. "तुम्ही बाहेर नेताय."

"आधी दार, मग घर."

"नंदक रोज बुजवतो ते."

"बुजवू दे. त्याला हात आहेत, मला चोच आहे."

नंदक रोज शिडी लावी. भद्रा काठी घेऊन खाली उभी राही. "मेल्या, गावात एवढी छपरं, तुला आमचंच सापडलं?"

कुडापलीकडून शेजारीण म्हणाली, "बारशाला आलाय तो. पाहुण्याला कुणी हाकलतं का?"

"पाहुणा जेवून जातो. हा घर घेऊन चाललाय."

चिमणीने पुष्कळ कुरकुर केली आणि मग तीही गवत ओढू लागली. तिचे पाहून गावच्या साऱ्या चिमण्या आल्या. एका सकाळी छपराला सुपाएवढे भोक पडले. कोंडलेला धूर सरळ वर निघाला आणि उन्हाचा कवडसा खाटेवर उतरला.

नंदक शिडीवर चढला. "दे वर पेंढी."

भद्रा पेंढी हातात धरून तशीच उभी राहिली.

"काय झालं?"

"ऐका."

"मला काही ऐकू येत नाही."

"तेच म्हणतेय मी."

आत बाळ खोकत नव्हते. कवडशाकडे बघत मुठी हलवत होते. उत्पला आतून म्हणाली, "आत्याबाई, आज डोळे चुरचुरत नाहीत."

भद्राने पेंढी खाली ठेवली. नंदकाने पावसासाठी वेळूचे उंच झाकण विणून त्या भोकावर बसवले. बाया बघायला आल्या आणि हळूहळू घरोघरी तसे भोक झाले. लोक त्याला चिमणीचे दार म्हणू लागले. त्या गावची पोरे वेळेवर पालथी पडू लागली, बसू लागली, अंगणभर धावू लागली. नंदकाच्या नातवाने पहिला शब्द उच्चारला तो 'चिऊ'. भद्रा ज्याला त्याला सांगे, "रात्रंदिवस जागले मी, आणि नाव घेतलं कुणाचं, तर त्या घरमोड्याचं."

एवढे सांगून शास्ता भगवान बुद्ध भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाची भद्रा ती आजची, मला वाढवणारी मावशी गौतमी. ती चिमणी म्हणजे राहुलमाता, ते बाळ म्हणजे राहुल, आणि चिमणा मी होतो." मायेला वाट दाखवीपर्यंत हाती घेतलेले काम न सोडणे, ही त्या जन्माची वीर्यपारमिता, म्हणजे अथक प्रयत्नाची परिपूर्णता.

त्या वर्षी चिमणा-चिमणीचे घरटे बांधायचे राहून गेले.