वाट कशी आहे?

फार पूर्वी, वाटांवर पाट्या नव्हत्या तेव्हाची गोष्ट. एका उंच घाटाच्या पायथ्याशी एक आंबीलवाली राहत होती. झोपडीसमोर जांभळीचं झाड होतं, त्याच्या सावलीत तिचा आंबिलीचा मोठा माठ असायचा.

त्या मुलखाची एक रीत होती. घाट उतरून आलेल्या माणसाला कुणी "वाट कशी आहे?" असं विचारलं, की त्याने खरं ते सांगायचं. पाण्याला आणि वाटेला नाही म्हणू नये, असं तिथली माणसं मानायची. आंबीलवाली उतरणाऱ्यांना वाडगाभर आंबील फुकट द्यायची आणि वाट विचारून घ्यायची. मग चढणाऱ्यांना नीट समजावून सांगायची, झरा कुठे आटलाय, बैलांना चारा कुठे मिळेल, मुक्कामाला कुठलं गाव मायाळू आहे. चढणारे तिच्या हातावर दिडकी ठेवायचे. तेवढ्यावर तिचं सुखाने चाललं होतं.

पण कुणाचं सुख कुणाच्या डोळ्यांत खुपल्यावाचून राहतं का? राजाच्या कारभाऱ्याला ते खुपलं. "घाटात चौक्या आपल्या, पहारेकरी आपले, आणि खबर विकते ही बाई?" त्याने जांभळीच्या समोरच एक ठाणं उघडलं. तिथे घाटाची खबर राजाच्या शिक्क्यानिशी विकत मिळू लागली. पूर्वी वाट बंद पडली की चौकीचा माणूस हलगी वाजवून दवंडी द्यायचा, तीही थांबली. फुकट मिळाल्यावर विकत कोण घेणार? वर हुकूम सुटला, की वाटसरूंनी घाटाची खबर ठाण्याखेरीज कुणाला सांगायची नाही.

झालं! घाट मुका झाला. माणसं खाली मान घालून उतरायची, आंबील प्यायची, आणि तिने विचारलं की "मावशी, ते तेवढं विचारू नकोस गं," म्हणून निघून जायची. चढणारे सरळ ठाण्यावर जायचे. राजाचा शिक्का कोणाला नको असतो?

ठाण्यावर एक तरुण कारकून होता. लाजाळू पोर, घरापासून लांब आलेलं. दुपारी भूक लागली की तो हळूच यायचा आणि मान वर न करता वाडगा पुढे करायचा. "अरे लेकरा, नीट बसून पी," ती म्हणायची. "माझा धंदा तू नाही बुडवलास. तुला तिथे बसवलंय." तरी तो उभ्यानेच वाडगा संपवायचा आणि परत जायचा.

पावसाळा सरत आला होता. एका सकाळी एक धनगर मेंढरं घेऊन आडवाटेने उतरला. त्याचं एक कोकरू गारठून गेलं होतं. आंबीलवालीने ते पदरात घेतलं आणि चुलीपाशी शेकलं. धनगराचे डोळे भरून आले. इकडेतिकडे पाहून तो म्हणाला, "मावशी, हुकूम गेला चुलीत. वरच्या वळणावर डोंगराला भेग पडलीय, दगड सुटायला लागलेत. चौकी पलीकडच्या अंगाला, तिथून दिसत नाही. ठाण्यावर सांगायला गेलो, तर दारातला शिपाई म्हणतो, चौकीचा शिक्का आण!"

तेवढ्यात समोरून लमाणांचा तांडा निघाला. बैलांवर मिठाच्या गोण्या, सोबत बायापोरं, आणि नायकाच्या हातात ठाण्याचा ताजा कागद, घाट खुला.

खोटं कशाला बोला, तिच्या मनात आलंच. जाऊ देत. एकदा हा शिक्का खोटा पडला की उद्या ठाण्याला कुलूप लागेल. ती गप्प बसून राहिली. एका बैलावर, गोण्यांच्या मधोमध, एक चिमुरडी भाकरीचा तुकडा चघळत बसली होती. तिला चुलीजवळचं कोकरू दिसलं, आणि तिने आपला तुकडा त्याच्यासाठी पुढे केला. आंबीलवालीच्या काळजात चर्र झालं. "शिव शिव! काय चिंतलं मी मेलीने!" आणि ती धावत सुटली.

"नायका, थांब! वर दरड सुटतेय!"

नायक हसला. "तुझं दुकान बसलंय, ठाऊक आहे आम्हाला. म्हणून आमची वाट अडवतेस होय?"

आता काय करावं? खरं सांगतेय, पण ऐकतंय कोण! ती माघारी वळली, शिपायाला बाजूला सारून ठाण्यात शिरली आणि कारकुनाला सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. दिलेला शिक्का खोटा म्हणायचा, म्हणजे नोकरीवर पाणी.

"मावशी," त्याने विचारलं, "तू माझ्याशी कधी खोटं वागलीस?"

"आंबिलीत ताक घालते ना, त्यात पाणी असतं," ती धापा टाकत म्हणाली. "तेवढंच."

कारकून उठला. कोपऱ्यात धूळ खात पडलेली हलगी त्याने गळ्यात अडकवली आणि वाटेवर धावला. "ऐका हो ऐका! घाट बंद! मी दिलेला शिक्का चुकला! खबर फुकट आहे, सगळ्यांनी ऐका!"

राजाचाच माणूस राजाचा शिक्का खोटा म्हणतोय, हे पाहून तांडा थांबला. नायक कुरकुरत जांभळीखाली टेकला. त्याची आंबील पिऊन व्हायच्या आत वर मोठा आवाज झाला आणि अख्खं वळण दरीत गेलं. मग नायकाने पागोटं काढून आंबीलवालीच्या पायांशी ठेवलं.

राजाने कारकुनाला बोलावून घेतलं. आंबीलवालीही निघाली. पोराला एकट्याला कसं पाठवायचं?

"विकायची खबर फुकट का वाटलीस?" राजाने विचारलं.

कारकुनाने हात जोडले. "महाराज, चौकीदाराचा पगार याच लोकांच्या करातून निघतो. त्यांच्याच पैशाने पाहिलेलं त्यांनाच पुन्हा कसं विकू? आणि आपण लोकांची तोंडं बंद केली, म्हणून आपल्याच कानांवर काही येईना."

राजा भला होता, उशिरा का होईना त्याला पटलं. ठाणं उठलं. चौकीला जे दिसेल ते हलगीवर सगळ्यांना फुकट मिळू लागलं. त्यापुढचं, चारा कुठे आणि मुक्काम कुठे, ते ज्याला ठाऊक त्याने सांगावं आणि खुशाल पोट भरावं, असं राजाने सांगितलं.

कारकून तिथेच दवंडीवाला झाला. रोज दवंडी देऊन झाली की तो जांभळीखाली ऐसपैस मांडी घालून बसायचा.

"मावशी, आज ताक फार पातळ आहे हं!"

"ते राहू दे. वाट कशी आहे ते सांग आधी," ती म्हणायची, आणि त्याचा वाडगा काठोकाठ भरायची.

तात्पर्य: सगळ्यांच्या पैशाने कळलेलं सगळ्यांना सांगावं, आणि सांगणाऱ्याचं तोंड बंद करू नये. जो दुसऱ्यांची तोंडं बंद करतो, तो स्वतःच बहिरा होतो.